पुस्तक न आवडलेली माणसं

काकूंच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा वाद जास्त, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बेकरी आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधला चिंचोळा गाळा. दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं, दाराशी टेबल, टेबलासमोर एक बाक. पुस्तक बदलायला आलेला माणूस बाकावर टेकला की शेजारच्या भट्टीतल्या पावाच्या वासानं सुस्तावायचा आणि हातातल्या पुस्तकाबद्दल काहीतरी बोलून जायचा. दुसरा लगेच म्हणायचा, 'छे हो, काहीतरीच!' मग तासभर निश्चिंती. काकू मध्ये पडायच्या नाहीत. भांडणारा माणूस पुढचं पुस्तक न्यायला हमखास येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

काकूंच्या नवऱ्याला सगळे मेजर म्हणत. ते मेजर कधीच नव्हते. तरुणपणी सैन्यात वायरलेस ऑपरेटर होते. सुरुवातीला ते लोकांची चूक दुरुस्त करायचे, मग कंटाळून त्यांनी नाद सोडला. लढाईत एका बर्फाळ डोंगरावरच्या चौकीत त्यांची तुकडी अडकली होती. वायरलेस सेट बंद पडला, मदतीचा निरोप खाली गेलाच नाही, आणि माणसं वर पोचली तेव्हा एकट्या यांचा श्वास चालू होता. डाव्या हाताची दोन बोटं थंडीनं गेली. एवढं त्यांनी लग्नाआधी काकूंना सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "पुन्हा विचारू नकोस." काकूंनी विचारलं नाही. संसार झाला, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात नोकरीला लागली, पण तो डोंगर घरात कधी आला नाही.

नवीन पुस्तकांना कव्हरं घालायचं काम मेजरांचं. आठ बोटांनी ते अशी घडी घालत की दहा बोटांच्या माणसानं लाजावं. फक्त लढायांची पुस्तकं काकू घरी नेत नसत. ती दुकानातच, स्वतःच्या वेड्यावाकड्या हातानं गुंडाळून टाकायच्या. मेजरांच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही, पण त्यावरही कधी बोलणं झालं नाही.

आणि मग त्या लेखकाचं नवं पुस्तक आलं.

हातोहात खपणारा लेखक. आजवर खून, दरोडे, बँकांचे घोटाळे यांवर लिहायचा, या वेळी सैन्याकडे वळला होता. काकूंनी तीन प्रती घेतल्या, तरी त्या दुकानात टिकेनात. बाकावर तर उभी फूट पडली. बँकेतला कॅशियर म्हणायचा, असं पुस्तक दहा वर्षांत झालं नाही, मी वाचता वाचता उतरायचा स्टॉप चुकलो. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई म्हणायच्या, मी पन्नास पानांवर मिटलं, त्यापेक्षा पंचांग वाचलं असतं तर बरं झालं असतं. बेकरीवाला हात पुसत पुसत दारात येऊन उभा राहायचा.

"त्या नायकानं एका हातात तार धरलीय," तो म्हणाला, "दुसऱ्या हातात बंदूक आहे, खांद्यावर जखमी दोस्त आहे, आणि वर कपाळावरचा घाम पुसतो. बर्फात घाम! हा माणूस आहे की ऑक्टोपस?"

"तुम्हाला भावनाच नाहीत," कॅशियर म्हणाला.

"भावना आहेत. हातही दोनच आहेत."

सगळे हसले. काकूही हसल्या. त्यांनी ते पुस्तक दुकानातच वाचून काढलं होतं आणि मिटून झटकन दूर सारलं होतं. कारण त्यातला नायक वायरलेस ऑपरेटर होता. चौकी बर्फात होती. सेट बंद पडला होता. फक्त पुस्तकातला तो गडी सेट पाठीला बांधून घळ ओलांडतो, तुटलेली तार उघड्या हातांनी धरून ठेवतो, निरोप पोचवतो आणि अख्खी तुकडी जिवंत खाली आणतो.

हे पुस्तक घरात येऊ द्यायचं नाही, असं काकूंनी ठरवलं. पण होणारं टळत नाही. कॅशियर स्वभावानं भला. त्याच्याकडच्या प्रतीचं कव्हर फाटलं, दुकान दुपारचं बंद होतं, म्हणून तो सरळ घरी गेला आणि मेजरांच्या हातात पुस्तक देऊन म्हणाला, "काका, तुमच्या हातचं कव्हर घाला याला. आणि वाचा जरूर. तुमचंच जग आहे."

संध्याकाळी काकू घरी आल्या तर मेजर खिडकीशी बसलेले. मांडीवर खाकी कागद, कागदावर कात्री, आणि हातात शेवटच्या पानाशी उघडलेलं पुस्तक.

त्यांनी मान वर केली. "हा पोचवतो गं सगळ्यांना," ते म्हणाले.

"गोष्टच ती," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

त्या दिवसापासून मेजर खंगत गेले. ताटात अन्न तसंच राहायला लागलं. दाढी करता करता मध्येच थांबून आरशात बघत बसायचे, अर्धा गाल साबणाचा. सकाळी कप तोंडाशी नेताना अचानक विचारायचे, "तार दातात धरली असती तर?" काकू म्हणायच्या, "अहो, चहा गार होतोय." ते म्हणायचे, "हो." आणि कप खाली ठेवायचे.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, डॉक्टरांकडे ने त्यांना. हे आपल्या हातातलं नाही." मेजरांना विचारलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?"

मग काकूंना वाटलं, काट्यानं काटा काढावा. पुस्तकानं दुखणं आणलं, तर ज्यांना पुस्तक पटलं नाही त्यांनीच ते घालवावं. कुणीतरी यांच्यासमोर बसून ठणकावून सांगायला हवं की हे सगळं थोतांड आहे, त्या चौकीत असं कुणालाच जमलं नसतं. बाकावर तर अशी माणसं रोज भेटत होती. काकूंनी त्यांना एकेक करून चहाला बोलवायला सुरुवात केली.

आजवर त्यांनी आवडलेलं पुस्तक विचारून दुसरं पुस्तक पुढं केलं होतं. आता त्या माणसं हेरायला लागल्या. कुणी पुस्तक परत करताना नाक मुरडलं की काकूंचे डोळे चमकायचे. "नाही आवडलं? अगदीच नाही? मग घरी या ना, मेजरांशी जरा बोला." लोक चक्रावायचे. वाचनालयवालीच पुस्तकाला नावं ठेवणारे गोळा करतेय म्हणजे काय!

पहिल्यांदा शिक्षिका बाई आल्या. खुर्चीत ताठ बसल्या आणि शुद्धलेखनापासून सुरुवात केली. मग म्हणाल्या, प्रेमप्रकरण म्हणजे नव्या कापडाला लावलेलं ठिगळ आहे. "आणि शिव्या किती! सैन्यातली माणसं अशी बोलतात का हो?"

"बोलतात," मेजर म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. सेटबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. त्या भागापर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या.

मग बेकरीवाला. काकूंची सगळी भिस्त त्याच्यावर होती. त्याला त्यांनी दुकानातच पढवून ठेवलं, "ते हातांचं सांगा हं, ऑक्टोपसचं." तो आला, येताना गरम पाव घेऊन आला, मेजरांच्या समोर बसला आणि त्यांच्या डाव्या हाताकडे त्याची नजर गेली. तो पावाची पुडी सोडत राहिला. काकूंनी दोनदा खाकरून पाहिलं.

"पुस्तक ना?" तो शेवटी म्हणाला. "चांगलं आहे हो तसं. मेहनत घेतलीय माणसानं."

दारातून बाहेर पडताना तो काकूंना पुटपुटला, "वहिनी, माफ करा. त्या हातासमोर मला हसता येईना."

शेवटी काकूंनी गावातल्या साप्ताहिकात पुस्तकांवर लिहिणाऱ्या गृहस्थांना गाठलं. त्यांना सगळे टीकाकार म्हणत आणि ते ती पदवी मिरवत. त्यांनी या पुस्तकाची सालटी काढली होती. ते बसले, पाय दुमडला आणि म्हणाले, "सरळ सांगतो मेजर, हा प्रसंग अशक्य आहे. निव्वळ अशक्य." काकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. हेच, हेच हवं होतं.

मेजर पुढं झुकले. "कशावरून?"

"म्हणजे, अवास्तव वाटतो."

"थंडीत सेट हाताळलाय तुम्ही?"

"नाही, मी कुठून..."

"मग कशावरून म्हणता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. बुडणारा माणूस काठावरच्याला दोरी मागतो, तसं ते विचारत होते. "सांगा ना. नक्की कुठं अडलं असतं? तार गोठली असती? बॅटरी? बोटं? कुठं?"

टीकाकारांनी दुमडलेला पाय खाली सोडला. त्यांनी घड्याळ पाहिलं, कुणाला तरी भेटायचं होतं म्हणाले. चहा तसाच राहिला. मेजर उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दोन-चार दिवसांनी जेवायच्या टेबलावर एक वायरलेस सेट आला. भंगारवाल्याकडून आणलेला, गंजका, मेजरांच्या वेळच्या सेटचा चुलतभाऊ शोभेल असा. टेबलभर स्क्रू, तारा, तारांना डाख देण्याची, मूठ पिवळी पडलेली जुनी सोल्डरिंग गन. नवराबायको मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागले. म्हणजे काकू जेवायच्या. मेजर तारा सोलायचे. बंद पडलेला सेट पुस्तकातल्यासारखा, उघड्या हातानं तार धरून लागतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. काकूंनी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर देवासमोर उभं राहिल्यासारखे हात जोडले. ते म्हणाले, "एकदा बघू दे. मग कुणालाच विचारणार नाही."

आणि एका दुपारी काकू जिना चढत असताना घरातून खरखर ऐकू आली. त्या धावत आत गेल्या. मेजरांनी तार मुठीत आवळली होती आणि सेटमधून कुठल्यातरी टॅक्सीवाल्याचा आवाज येत होता. स्टेशनवर सवारी उभी आहे, कोण घेतंय, असं तो विचारत होता.

"लागला," मेजर म्हणाले.

काकूंना क्षणभर, वेड्यासारखा, आनंद झाला. इतके दिवस खपून माणसाचं काम जमलं, म्हणून बायकोला होतो तसा. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"म्हणजे तेव्हाही लागत होता," ते म्हणाले.

त्यांनी सेट बंद केला, तार मुठीतून सोडवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकू पलंगाच्या कडेला बसून बडबडत राहिल्या. अहो, इथं पंखा चालू आहे, खिडकीतून ऊन येतंय, बॅटरी कालच दुकानातून आणलेली, तुमचा हात ऊबदार आहे, तुम्हाला कुणी मारायला टपलेलं नाही. त्या तासभर बोलल्या. मेजरांनी एकच वाक्य उच्चारलं. "मला आता पुरे झालंय गं."

काकूंनी घरातल्या कात्र्या, सुऱ्या, झोपेच्या गोळ्यांची डबी, सगळं पिशवीत भरलं आणि बेकरीवाल्याच्या बायकोकडे नेऊन ठेवलं. तिनं पिशवी पिठाच्या पिंपामागं सरकवली. वाचनालयाला कुलूप लागलं. मुलगी मिळेल त्या गाडीनं निघून आली आणि बापाच्या खोलीत खुर्ची टाकून बसली.

"उद्या हॉस्पिटलात नेऊ," ती म्हणाली. "नाही म्हणाले तरी."

"उद्या तो लेखक शहरात येतोय," काकू म्हणाल्या. "मोठ्या दुकानात. सह्या द्यायला."

"आई! त्याचं आता काय?"

"ज्यानं लिहिलं त्यानंच सांगायला हवं, खोटं आहे म्हणून. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत. एवढं करून येते. मग तू म्हणशील तिथं नेऊ."

मुलीनं आईकडे पाहिलं. बाई केस न विंचरता उभी होती. ती म्हणाली, "जा. मी आहे इथं."

शहरातल्या त्या दुकानात पुस्तकांच्या चळतींची कमान केली होती आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. रांगेतही तेच चाललेलं. कुणी म्हणत होतं, शेवट वाचून रडलो. कुणी म्हणत होतं, याआधीचं याहून चांगलं होतं, हे पैशासाठी लिहिलंय. काकूंना वाटलं, यांच्या अंगावर ओरडावं. तुम्हाला आवडलं काय नि न आवडलं काय, तुम्ही घरी जाऊन जेवाल.

लेखक पन्नाशीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"सही नको," काकू म्हणाल्या. "एक फोन करायचाय तुम्ही."

त्यानं मान वर केली. मागून कुणीतरी "ओ बाई, चला" म्हणालं. काकू टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. चौकी, सेट, बोटं, टॅक्सीवाला, भिंतीकडे केलेलं तोंड. दुकानातला पोरगेला व्यवस्थापक त्यांना बाजूला घ्यायला आला, तर लेखकानं त्याला हातानं थांबवलं.

"अहो बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "ते मी रचलंय. मी सैन्यात नव्हतो. पहिल्या खर्ड्यात तर सेट लागतच नव्हता. सगळे मरत होते. मलाच ते बघवेना, म्हणून बदललं."

"हेच सांगा त्यांना. हेच, असंच."

काकूंनी घरी फोन लावला. मुलीनं तो वडिलांच्या कानाशी धरला. लेखक उभा राहिला, रांगेकडे पाठ केली आणि बोलायला लागला. आदरानं बोलला. तो प्रसंग खरा नाही, होऊ शकत नाही, कुणालाही... आणि तिथंच थांबला. मग नुसताच ऐकत राहिला. काकू त्याच्या पाठीकडे बघत होत्या. त्यानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"हो," तो म्हणाला. "नाही. नाही बदलणार." मग बऱ्याच वेळानं, "हो. सगळे पोचले."

त्यानं फोन काकूंच्या हातात दिला. काकू पुस्तकांच्या चळतीमागं सरकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना? तो स्वतः सांगतोय."

"त्याला कशाला बोलायला लावलंस?" मेजरांचा आवाज बारीक होता, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा जागा वाटला. "खोटं आहे हे मला कळत नाही का? तू चहाला माणसं आणलीस. जो आला त्यानं माझ्या तुकडीतली पोरं उचलून परत डोंगरावर नेऊन ठेवली."

काकूंनी फोन कानाशी आणखी दाबला. "मग तो सेट? ते कशासाठी केलंत?"

"तो माझा हिशेब. तो काही सुटायचा नाही. हे वेगळं आहे." ते थांबले. "इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा उतरली गं. ज्याला आम्ही गवई म्हणायचो तो पुढं, उंच्या मागं, एकमेकांना धरून. पुस्तकात का होईना, मी ती खाली येताना पाहिली. मग तुम्ही सगळे उठलात, झालंच नाही असं म्हणायला लागलात."

पहिल्या दिवशी खिडकीशी बसून हा माणूस आपल्याला काय सांगत होता, ते काकूंना तिथं, परक्यांच्या गर्दीत कळलं. आपण चहा टाकायला उठलो होतो. त्यांनी चळतीवर कपाळ टेकलं. एक मुलगी सहीचं पुस्तक छातीशी धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग लाजून दूर गेली.

"मी काय करू?" काकूंनी फोनमध्ये विचारलं. "मला सांगा, मी काय करू?"

"तू घरी ये," मेजर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले. पटलं म्हणून नाही. मुलीनं त्यांच्या पायांत चपला घातल्या आणि त्यांच्यात विरोध करण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिथं ते बरेच आठवडे होते. औषधांनी तोंड कोरडं पडायचं, कधी काकूंना बघून ओळख नसल्यासारखे बसायचे. डॉक्टरांनी काकूंना स्पष्टच सांगितलं, जखम इतकी जुनी आहे की बरं होण्याची खात्री मी देत नाही. सांभाळता येईल, एवढंच म्हणतो.

पण एका दुपारी, वॉर्डात भांडी गोळा करणारी बाई जाऊन सामसूम झाल्यावर, ते आपण होऊन बोलले. गवई म्हणे कायम बेसूर गायचा आणि त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. उंच्याला मापाचे बूट कधीच मिळाले नाहीत, त्यानं बुटांच्या टाचा कापून घेतल्या होत्या. बोलता बोलता ते हसले, मग हसता हसता घुसमटल्यासारखे रडले, आणि काकू त्यांचा तीन बोटांचा हात धरून बसून राहिल्या. डॉक्टरांना बोलवावं की ऐकत राहावं, हे त्यांना कळेना. त्या ऐकत राहिल्या.

आता मेजर घरी आहेत. वाचनालय पुन्हा उघडलंय, पण काकू अर्धाच दिवस बसतात. पुस्तकावरून अजून वाद होतात. कुणी काकूंचं मत विचारलं की त्या कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावायला लागतात. टेबलावरचा सेट मेजरांनी हलवू दिलेला नाही. काही दिवस ते पोटभर जेवतात, दुकानात येऊन बाकावर टेकतात. काही दिवस भिंतीकडे तोंड असतं. कोणता दिवस कसा उगवेल हे दोघांनाही ठाऊक नसतं.

दुपारी दुकान बंद करून काकू घरी येतात. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून कठडा घट्ट धरतात आणि वर बघून हाक मारतात, "अहो!"

आणि वरून "हं" येईपर्यंत पुढची पायरी चढत नाहीत.